एलियाहूचा कोट

मिल्काबाई नवगावकर मूळच्या अलिबागकडच्या, बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या यहुदी. अमेरिकेत ॲन आर्बरला लेकीकडे येऊन बरीच वर्षं लोटली, पण नवस बोलायची खोड काही सुटली नाही. नातीचं नाव शिरा. हिब्रूत त्याचा अर्थ गाणं. आजीला मात्र केळं घातलेलाच आठवतो. ही शिरा लग्नाचं नाव काढेना, तेव्हा आजीने एलियाहू हन्नबीला, म्हणजे हाकेला न दिसता येणाऱ्या बायबलमधल्या प्रेषिताला, साकडं घातलं, "पोरीचं जमू दे, लग्नविधीत तुझा मलिदा करीन."

जमलं! मुलगा यहुदीच, पण युरोपीय वळणाचा. त्याची आई जूडिथ विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुनी छापील पुस्तकं सांभाळायची. मलिदा म्हणजे नारळ-साखर घातलेले पोहे, भोवती फळं आणि एलियाहूची प्रार्थना, हे ऐकून ती अडखळली.

"आजी, जेवणात ठेवू या ना. विधीत कशाला? बायबलमध्ये नाही हे."

मिल्काबाईंचं तोंड एवढंसं झालं. ज्याला साकडं घातलं, त्याला डेझर्टच्या काउंटरवर उभं करायचं?

रुसवा नको म्हणून जूडिथने त्यांना ग्रंथालय दाखवायला नेलं. यहुदी चालीरीतींचं एक जुनं पुस्तक काढलं. कधीकाळी युरोपात छापलेलं, सणासणाला बायबलमधली चित्रं. मिल्काबाईंनी चष्मा सारखा केला.

"हा हॅटवाला कोण गं?"

"अब्राहाम."

"आणि हा बटणांच्या कोटातला, शिंग फुंकणारा?"

"तो तुमचा एलियाहू."

"अगं बाई! हा कोट बायबलमध्ये आहे?"

"छे! चित्रकाराने आपल्या गावचे कपडे घातले त्याला."

"मग आमच्या गावचे पोहे खाल्ले तर बिघडलं कुठे?"

जूडिथने पुस्तक मिटलं. आपल्या जिभेला हाड नाही, असं म्हणत मिल्काबाई घरापर्यंत स्वतःलाच बोल लावत राहिल्या.

लग्नाच्या दिवशी बाहेर भुरभुर बर्फ पडत होता. मलिद्याचं ताट घेऊन त्या मुकाट्याने जेवणाच्या हॉलकडे निघाल्या, तर जूडिथने दंडाला धरून थेट मांडवात नेलं. तिथे ताटासाठी टेबल होतं आणि शेजारी एक रिकामी खुर्ची. तिच्या पाठीवर जूडिथचा जाडजूड कोट, वर लोकरी टोपी आणि हातमोजे.

"एलियाहू येणार ना?" जूडिथ म्हणाली. "आमच्या गावची थंडी त्याला सोसायची नाही."

मिल्काबाईंना भर मांडवात रडू फुटलं. प्रार्थना झाल्यावर मलिद्याची पहिली मूठ त्यांनी विहिणीच्या हातावर ठेवली.