गुळाच्या कागदावरचा समझोता

संस्थानाच्या हद्दीवरच्या आमच्या गोरेगावात, वाचनालयात दोन कपाटं होती, एक सतरंजी होती आणि एक जाच होता. जाच म्हणजे वाचनालय चालवणाऱ्या गुरुजींचा नियम. वर्तमानपत्र मोठ्यानं वाचणाऱ्यानं आधी पत्राचं नाव, गाव आणि तारीख सांगायची, मगच बातमी. वरचा भाग फाटलेला असला तर पान उलटून आधी जाहिराती वाचायच्या आणि कसला माल विकायला काढलाय यावरून पान कधीचं ते ठरवायचं. ऐकणारे जांभया द्यायचे. मी गुरुजींची नक्कल करत केशतेलाची जाहिरात गंभीर आवाजात वाचायचो. लोक हसले की आपण फार हुशार आहोत असं मला वाटायचं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात हसणं आटलं. हत्यारबंद टोळ्या गावोगाव फिरत होत्या. ज्यांना जमलं त्यांनी बायकापोरं हद्दीपलीकडं, रिसोडला नेऊन ठेवली होती. माझी थोरली बहीणही लेकरं घेऊन तिकडंच होती. दाजी शेतासाठी मागं राहिले होते. जाणंयेणं आडवाटेनं, कारण सडकेवर टोळीचा पहारा. पलीकडच्या वर्तमानपत्रांना बंदी होती. एखादं पान चोरून आलं की अख्खा बाजार वाचनालयाच्या दाराशी गोळा व्हायचा.

अशात गुरुजींना ठाण्यावर नेलं. वाचनालयात कोण कोण येतं ते विचारायचं होतं म्हणे. किल्ली माझ्याकडं आली आणि माझ्या अंगात संपादक संचारला. त्याच दुपारी रिसोडहून आलेल्या गुळाच्या ढेपेभोवती छापील पान दिसलं. वरचा भाग गुळाला चिकटून गेलेला. मी ताडलं, कुणीतरी जिवावर उदार होऊन बातमी गुळातून धाडली आहे. ढेपेला कागद लागतो म्हणून रद्दी गुंडाळली असेल, हे उत्तर माझ्या बुद्धीला फारच साधं वाटलं.

संस्थानाच्या आणि पलीकडच्या, दोन्ही सरकारांत समझोता झाला, अशी बातमी होती. मी उभा राहून वाचली. लोकांनी पुन्हा वाचायला लावली. जाहिरातींचं कुणाला सुचलं नाही, मला तर नाहीच. दाजींनी माझ्या पाठीवर थाप मारली.

सकाळी गुरुजी परतले. ओठ सुजला होता. पान मागितलं, उलटलं, खिडकीच्या उजेडात धरलं.

"गाड्या निघाल्या का?" एवढंच त्यांनी विचारलं.

निघाल्या होत्या. एक बाजारातल्या किराणा दुकानदाराची, तिच्यामागं दाजींची. समझोता झालाय म्हणून बायकापोरं परत आणायला, उजेडात, सरळ सडकेनं.

मी पान घेऊन पळालो. दाजी बैलांना पाणी दाखवायला ओढ्यावर थांबले होते म्हणून गाठ पडली.

"काहून पळून राहिले, पाव्हणं?"

मी धापा टाकत सांगितलं. ते हसले नाहीत.

"काल तूच वाचलंस, झाला. आज तूच म्हणून राहिला, न्हाई झाला. तुझं कोणतं खरं धरू?"

दाजींना अक्षर येत नव्हतं. तरी मी पान उलटं करून त्यांच्यापुढं धरलं. मागं तिळगुळाच्या दुकानाची जाहिरात होती आणि तिच्यात चित्र.

"ही तर संक्रांतीची सुगडं," ते म्हणाले. मग आभाळाकडं बघितलं. "आता मिरग लागायला आला."

"व्हय."

"संक्रांतीला तुझी बहीण घरीच होती. शिमगा झाल्यावर पोचवली तिला. म्हंजे समझोता आधी झाला, अन् ती मागून गेली."

दाजींनी कासरा हातात घेतला. मला वाटलं, गाडी वळवतील. त्यांनी बैल पुढंच हाणले. दुकानदार पुढं होता.

बऱ्याच वेळानं त्याची गाडी दिसली. मी दाजींच्या गाडीत उभा राहून पान हलवत ओरडू लागलो. त्यानं मागं वळून पाहिलं, ओरडत पाठलाग करणारी गाडी पाहिली, आणि बैलांवर चाबूक ओढला. गाडी पहाऱ्याच्या दिशेनं सुसाट निघाली.

"गप बस," दाजी म्हणाले. "तुझ्या आवाजाला माणसं पळून राहिलीत."

त्यांनी बैल थांबवले. पुढची गाडीही हळू झाली. दाजी पान घेऊन एकटेच चालत गेले. मी कासरा धरून बसलो. त्यांच्या पलीकडं सडकेच्या वळणावर बंदुका घेतलेली माणसं उभी राहत होती. दाजींनी दुकानदारापुढं चित्र धरलं. तो वाकून बघत राहिला.

मग दोघांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं, आणि दुकानदारानं गाडी वळवायला घेतली.