चाचांच्या बसचं अठरावं भोक

विश्वास कुणावर ठेवावा, डोळ्यावर का बोटावर? सांगा बरं!

कळंबला माझं हार्डवेअरचं दुकान. दर रविवारी मागच्या खोलीत आम्ही तिघं गाड्यांची छोटी मॉडेलं बनवतो: मी, रिटायर ड्रॉइंग टीचर कांबळे सर आणि एसटीचे रिटायर ड्रायव्हर शेखचाचा. साच्यात रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारं पातळ प्लास्टिक, ओतलं की हवेचे बुडबुडे अडकतात आणि भोकं राहतात. ती पुट्टीनं भरायची, मग घासायची. घासताना पडणाऱ्या भुकटीसारखे किस्सेही साचत जातात.

*

बारीक भोकात खायचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब टाकला की दगड होतो. सोडा संपला तर टाल्कम पावडरही चालते. सरांनी घरून दोन्ही आणलं. परत नेताना डबे बदलले!

दुसऱ्या दिवशी सरांच्या घरच्या कांबळे वहिनी दुकानात हजर. "भाऊ, पाव्हणं म्हणतात, भज्याला गुलाबाचा वास येतोय!"

*

एकदा चाचांनी मोटरसायकलच्या सीटवर बसचा टप वाळत ठेवला. मे महिन्याचं ऊन! टप केळ्यासारखा वाकला.

"चाचा, हे काय?"

"काय न्हाय शेठ. गाडी वळणावर हाय."

*

मी ट्रॅक्टर केला आणि छाती ठोकून सांगितलं, "एक भोक न्हाय!" सरांनी निमूट प्रायमरचा हात मारला. तेवीस भोकं वर आली.

चाचा म्हणाले, "शेठ, ट्रॅक्टर हाय का चाळण?"

त्या दिवसापासून नियम झाला. जितकी भोकं भरली, तितका आकडा मॉडेलच्या पोटाखाली लिहायचा.

*

चाचा वर्षभर एकच बस घडवत होते, कळंब-परंडा लाइनची त्यांची गाडी. त्यांचे जुने कंडक्टर माने मास्तर परंड्याला राहतात. शुगरनं नजर गेली, तेव्हापासून माणूस कुणाशी धड बोलंना. "गाडी हातात दिली तर बोलतील," एवढीच चाचांची आशा.

भरायचं काम सरांकडं होतं. त्यांनी खाली आकडा टाकला, अठरा. बस कशी, आरशासारखी!

तिघंही परंड्याला गेलो. मास्तरांनी बस मांडीवर घेतली. बोटं टपावरून फिरली, खिडक्या मोजत गेली, दाराच्या मागं थांबली. त्यांनी बस परत केली.

"शेखभाई, ही आपली गाडी न्हाय."

चाचांनी तिथं बोट लावलं आणि सरांकडं वळले. "सर, हितला पोचा कुठं गेला? बैलानं शिंग मारलेला! म्या मुद्दाम केला होता."

सरांचा चेहरा पडला. "मला वाटलं, भोकच हाय."

मग त्यांनी खिशातून पॉलिशपेपर काढला, बोटाला गुंडाळला आणि स्वतःच भरलेली पुट्टी घासून काढायला बसले. बराच वेळ नुसती खरखर.

बस पुन्हा मांडीवर गेली. मास्तरांचा अंगठा खळग्यात नेमका बसला.

"बैल उधळला तवा तुमी खाली उतरून चहा पीत होता, शेखभाई!"

"मी? चहा तुमीच सांगितला होता!"

दोघं तासभर भांडले. निघताना मास्तरांनी मला थांबवलं.

"शेठ, खाली आकडा लिवता म्हणं. किती लिवलाय?"

"अठरा."

"सतरा करा. हिशेब खरा ठेवत जावा."