सोळा वेळा पप्पा

आमच्या अल्बममध्ये आठ तुकडे आहेत आणि त्यातल्या एकाचीही चाल गुणगुणता येत नाही, अशी आईची तक्रार आहे. ती खरी आहे. खाली कॉम्प्युटरवर बनवलेले ड्रम, मध्ये मिक्सर अडकल्यासारखी करकरणारी गिटार आणि वर माझा सिंथेसायझर. इलेक्ट्रॉनिक रॉक म्हणतात याला. गिटारवाला मित्र दिव्याहून लोकलने यायचा, घरचं पाणी भरून झालं की. मी कोपरीत राहते. नोकरी दोघांनाही आहे, म्हणून जे काही व्हायचं ते रविवारी, आमच्या आतल्या खोलीत.

या गदारोळात मला मध्येच व्हायोलिनांची मोठी लाट हवी होती. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की चकचकीत कोट घातलेला गायक आठवतो. मला दुसरा हवा होता, पन्नास माणसं एकदम गज ओढतात तो. तेवढी माणसं आम्ही आणणार कुठून? कॉम्प्युटरमधली व्हायोलिनं लावून बघितली, तर बँकेने फोन होल्डवर ठेवल्यासारखं वाटायला लागलं.

"अगं, घरात व्हायोलिन आहे ना तुझ्या," मित्र म्हणाला.

होतं. वाजवणारे पप्पाही होते. मीच विषय टाळत होते.

पप्पांची सगळी नोकरी खोपटच्या डेपोत बस दुरुस्त करण्यात गेली आणि उरलेला जीव गायन पार्टीत. जयंतीच्या दिवसांत कल्याणपासून दिव्यापर्यंत कुठल्या ना कुठल्या वस्तीत त्यांचा कार्यक्रम असायचाच. स्टेजवर मांडी घालायची, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवायचं आणि गायकाच्या मागे सावलीसारखं जायचं. मग अर्धांगाचा सौम्य झटका आला. चालणं परत आलं, बोलणं परत आलं, डाव्या हाताची करंगळी काही पूर्ण परत आली नाही. त्यानंतर त्यांनी एकच कार्यक्रम वाजवला. पुढच्या जयंतीला पार्टीतले लोक घरी आले, जेवले आणि म्हणाले, "दादा, तुम्ही आराम करा. यंदा कीबोर्डवर भागवतो." त्याच्या पुढच्या वर्षी ते आलेच नाहीत. पप्पा रोज सकाळी दार लावून वाजवत बसायचे. आपण अजून व्हायोलिनवाले आहोत की नाही, एवढंच त्यांना कळून घ्यायचं होतं, आणि ते सांगायची हिंमत घरात कोणातच नव्हती.

मी विचारलं तेव्हा ते लगेच हो म्हणाले. रविवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून माईकसमोर बसले.

"माईकला दिसत नाही, पप्पा."

"मला दिसतं ना."

पद्धत सोपी होती. एकाच माणसाने तीच ओळ सोळा वेळा वाजवायची, मग सोळाही आवाज एकावर एक ठेवायचे, की पुष्कळ माणसं बसल्यासारखी वाटतात. चार रविवार पंखा बंद, खिडकीला गोधड्या. ते घामाघूम व्हायचे, पण थांबूया म्हणायचे नाहीत.

नंतर मी एकटीने ते सगळं ऐकलं. बेसूर होतं. करंगळी उशिरा पडत होती, पडली तरी उतरलेली, आणि दर वेळी वेगळ्या मापाने. स्पष्टच सांगते, मला लाज वाटली. रागही आला, कोणाचा ते माहीत नाही. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक सूर डागासारखा दिसतो, आणि तो माऊसने ओढून जागेवर बसवता येतो. ऑफिसातून आले की मी डाग ओढत बसायचे, असे तीन आठवडे. मी पप्पांची लाज राखतेय, अशी माझी समजूत होती. खरं तर त्यात अल्बमची काळजी जास्त होती.

शेवटी जे तयार झालं ते फार देखणं होतं. मित्र ऐकून उडालाच. "खतरनाक, यार! हे काका आहेत?"

त्याच रविवारी मी पप्पांच्या कानाला हेडफोन लावला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढला, वायरची नीट गुंडाळी केली.

"छान झालंय. मशीनचं घेतलंस ना? बरं केलंस. माझं काही जमत नव्हतं."

त्यांच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"अहो, हे तुम्हीच आहात! सोळाही तुम्हीच."

"माझी करंगळी अशी पडत नाही गं. मला माहीत नाही का?"

माझं डोकं फिरलं. मी सगळ्या दुरुस्त्या बंद केल्या आणि मूळचं रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं. सोळा पप्पा खोलीभर धडपडायला लागले. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली. संपलं तेव्हा पप्पांनी विचारलं, "एवढं वाईट?"

"नाही, काका, त्यात एक फील आहे," मित्र घाईघाईने म्हणाला. पप्पांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते माझ्याकडे बघत होते.

"तू सांग."

मी माऊसशी चाळा करत राहिले.

"पार्टीत कार्यक्रम झाला की आम्ही चहाला बसायचो," पप्पा म्हणाले. "ज्याने जिथे माती खाल्ली, ते तिथेच तोंडावर सांगायचं. वयाने मोठा असो नाहीतर लहान. भांडणं व्हायची. आजारानंतर मी एकदा वाजवायला गेलेलो ना, त्या दिवशी चहावर माझी एकपण चूक कोणी काढली नाही. तेव्हाच समजलेलो, आपण संपलो. आणि तू तीन आठवडे गपचूप पुसत बसलीस."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "वाईट आहे, पप्पा."

"कुठे कुठे?"

मग मी सुरुवात केली. सुरुवातीच्या ओळीत करंगळी सगळीकडे उशिरा. "तिथे तिसरं बोट घसरवून घेतो," ते म्हणाले. नवव्या वेळेपासून गज दबतो, आवाज चिरकतो. त्यांनी मान हलवली. शेवटचा सूर सोडायची घाई होते. तेही मान्य. चौथी चूक अशी होती, की मध्ये थांबलेले ड्रम परत येतात तिथे ते मागे पडतात.

"नाही पडत."

"पडता. प्रत्येक वेळी."

"प्रत्येक वेळी? सोळाच्या सोळा वेळा माणूस एकाच जागी चुकतो होय गं? तुझं मशीन पुढे पळतंय. अर्धी मात्रा खाल्लीय त्याने. बघ ते!"

ते ओरडत होते. आजारानंतर या घरात त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. आईने काळजीने माझ्याकडे बघितलं. त्यांना खोटं ठरवायचं म्हणूनच मी ड्रमचा ट्रॅक उघडला. काही महिन्यांपूर्वी मी तो एका ठिकाणी कापून जोडला होता, आणि जोडताना अर्धी मात्रा गेली होती. पप्पा सोळाही वेळा बरोबर होते. आणि मी त्यांना सोळाही वेळा ओढून माझ्या चुकीवर नेऊन बसवलं होतं.

"कोणाची चूक?" पप्पांनी विचारलं.

"माझी."

"मोठ्याने बोल. तुझ्या मित्रालापण ऐकू दे."

"माझी चूक, पप्पा."

त्यांनी मांडी घातली, व्हायोलिन पावलावर टेकवलं आणि खुंटी पिळायला घेतली.

"मग आधी तुझं नीट कर," ते म्हणाले. "मी थांबतो."