पुंडलिक नानांची उभी कोयती

अन्याय झाला तो पुंडलिक नानांवर. गेल्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या सोमवारी, दुपारी साडेबारा वाजता, जळगावात, पंख्याखाली बसलेल्या तीन माणसांसमोर. मी शेजारच्याच खुर्चीत होते, म्हणून वेळ छातीठोक सांगते.

रावेरजवळच्या आमच्या गावात नानांचं वेल्डिंगचं दुकान. गिऱ्हाइकाचं बोलणं अर्ध्यावर असतानाच ते खडू घेऊन फरशीवर उकिडवे बसायचे आणि वस्तूचं चित्र काढायला लागायचे. "लंबं नको सांगू भो, कुठी दुखते ते सांग."

केळीच्या बुंध्याशी सारखी पिलं, म्हणजे नवे कोंब, फुटतात. ती कापायला बाया दिवसभर वाकून असत. नानांच्या बायकोची, इंदूअक्काची, कंबर त्यातच गेली. तेव्हा नानांनी लांब पाइपाला अर्धगोल पातं जोडलं, वर पाय ठेवायला पट्टी. उभ्यानं पाय दाबायचा, पील खलास. पुढे अक्का वारली. ही उभी कोयती मात्र गावोगाव पोचली, कारण शेजारच्या गावचा वेल्डर आला तरी नाना त्याला फरशीवर सगळी मापं काढून द्यायचे. मी चिडायचे.

"नाना, उद्या तो स्वतःची म्हणून विकेल!"

"विकू दे ना. त्याच्या गावातल्या बायाइले कंबर नाही का?"

अक्का गेल्यावर त्यांच्याशी बोलायला घरात कुणी उरलं नव्हतं. मी सभेची पत्रकं वाटत तिकडून गेले की हाक यायची, "बस पोरी. चहा मीच करतो. वाईट असते, पण गरम असते."

एक दिवस त्यांना बातमी सांगितली. जळगावची एक समिती जिल्ह्यातल्या नवसंशोधकांची यादी करणार होती. कुठला तालुका किती पुढे, ते पेटंटच्या आकड्यावरून ठरणार होतं. पेटंट नसलेल्यांनी पुरावा आणायचा होता. नानांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, "कोणी एक डाव म्हटलं पाहिजे, का हे पुंडलिकानं केलं. अक्का म्हणायची. आता कोणी नाही म्हणत."

त्यांना एवढंच हवं होतं.

पुरावा म्हणून आम्ही आमच्या घरचीच कोयती नेली. आमच्याकडे भांडं असो की अवजार, त्यावर मालकाचं नाव ठोकतात. नानाच ते ठिपक्याठिपक्यांनी ठोकून द्यायचे. स्वतःचं नाव त्यांनी एकाही वस्तूवर घातलं नाही. दुसऱ्याच्या वस्तूवर आपलं नाव कसं घालायचं?

समितीच्या साहेबांनी पाइप फिरवून त्यावरचं नाव वाचलं. "पेटंट नाही. नावही दुसऱ्याचंच. कोण हे?"

"माझे वडील," मी म्हणाले.

"लावा फोन."

मी स्पीकरवर लावला. वडील म्हणाले, "उभी कोयती? ती तर पहिल्यापासून हाये साहेब. सगळ्याइकडे हाये. नवं काय त्यात?"

साहेबांनी रावेरपुढे शून्य लिहिलं. मी भांडले. म्हटलं, पेटंटला वकील लागतो, अर्ज लागतो, आणि तोवर वस्तू झाकून ठेवावी लागते. ज्यानं झाकली नाही, तो तुमच्या हिशेबी काही करतच नाही? पेटंट मोजायला सोपं म्हणून तेवढंच मोजता? साहेब म्हणाले, "पुढचे कोण?"

परतीच्या एसटीत नाना खिडकीशी बसले होते, कोयती दोन्ही गुडघ्यांत धरून. "तुह्या बापाले बोलू नको पोरी. त्याले वाटते, ती केळीसंगच उगवली." ते हसले. मला हसू आलं नाही. सावद्याच्या पुढे रस्त्याकडेच्या बागेत बाया पिलं कापत होत्या, ताठ उभ्यानं. बाग मागे पडेपर्यंत नाना त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्यातल्या एकीनंही वर पाहिलं नाही.

आता नाना दुकान उघडतात, पण फरशी कोरी असते. कुणी नवं काही मागितलं तर म्हणतात, "शहरात तयार मिळते, तिथून आण." माझे वडील एकदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. लाज वाटली म्हणे. वाटायलाच हवी, पण ती घरी बसून काय कामाची?

यादी पुढच्या महिन्यात पुन्हा उघडणार आहे. रावेर असो की मुक्ताईनगर, तुमच्या घरात उभी कोयती असेल तर एका कागदावर लिहा: ही पुंडलिक नानांनी केली. खाली सही करा. पण आधी तो कागद समितीकडे पाठवू नका. नानांच्या दुकानात जा आणि त्यांच्यासमोर उभं राहून मोठ्यानं वाचा. आजच जा.