चाक जमिनीवर असू दे

दत्ता गेल्याचा फोन आला तेव्हा मी कन्नडला एका जुन्या जीपचा सौदा करत होतो. मालक आपल्या आकड्यावर अडून बसला होता. मी दोनदा उठून निघाल्यासारखं केलं होतं आणि तिसऱ्यांदा उठलो की तो हाक मारणार, हे मला दिसत होतं. तेवढ्यात सुनंदावहिनींचा, दत्ताच्या बायकोचा, फोन आला. दीड वर्षात त्या घरातून आलेला पहिला फोन. "भावजी, हे गेले... सकाळी चहा मागितला, आन् मी घेऊन येईस्तोवर..." मी खरंच उठलो. मालकाने हाक मारली, पण मी वळून पाहिलं नाही. गाडीत बसल्यावर पहिला विचार काय आला, ते सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. आता हा मला उत्तर देणार नाही, असं वाटलं. माझं त्याच्याशी भांडण होतं आणि तो ते अर्धवट टाकून गेला होता.

आम्ही दोघेही पाचोडचे. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे मी मामाच्या मागे बाजारात फिरायचो. मामा बैलांचा दलाल होता. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा आणि शेजारी उभ्या दहा माणसांना पत्ता लागायचा नाही. दत्ताचे वडील शेतकरी. ते बैल घ्यायला आले की भावाचं बोलायच्या आधी बैलाच्या खांद्यावर हात ठेवायचे, त्याला चार पावलं चालवायचे, मग खाली बसून प्रत्येक खूर बघायचे. मामा वैतागायचा. "पाटील, बैल घ्यायचाय का त्याला पोरगी द्यायचीय?" सगळा बाजार हसायचा. दत्ता मात्र वडिलांच्या शेजारी बसून तोच खूर बघत असायचा. पुढे आम्ही दोघे शहरात आलो. तो बजाजनगरला राहून एका कारखान्यात गाड्यांचे पुढचे आस जोडायला लागला. मी मुकुंदवाडीत आधी जुन्या सायकली, मग मोटारसायकली, मग जुन्या कार घेऊन विकू लागलो. मला कुणी काही दिलं नाही. जे आहे ते बोलून, भांडून, ताणून मिळवलं आहे.

दर रविवारी दत्ता माझ्या अंगणात यायचा. आठवड्यात घेतलेल्या गाड्या ओळीने उभ्या असायच्या. आधी तो टायरवरून तळवा फिरवायचा. आतली कड जास्त झिजलेली लागली की मान हलवायचा. मग बॉनेटचा एकेक कोपरा दाबून सोडायचा. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, डुलत राहिली तर म्हणायचा, "शॉकॲब्सॉर्बर बसला हिचा." शेवटी चाकांमागे दगड लावून, गोणपाट अंथरून तो खाली सरकायचा आणि मला स्टिअरिंगवर बसवायचा. इंजिन बंद, किल्ली फिरवून स्टिअरिंगचं कुलूप तेवढं मोकळं. "रम्या, हलव. लई नको. घड्याळाच्या काट्यागत पाच मिनिटं इकडं, पाच मिनिटं तिकडं." मी हलवायचो. तो खाली एकेका सांध्यावर हात ठेवून पडून राहायचा. त्याच्या एका शब्दावर माझा आठवडा अवलंबून असायचा. एकदा मी म्हणालो, जॅक लावून चाक उचल ना, हात तरी नीट जाईल. म्हणाला, "टांगलेली गाडी खोटं बोलती. चाक जमिनीवर असू दे. अंगावर ओझं असलं की दुखतं कुठं ते कळतं."

ज्या दिवशी आमचं बिनसलं त्या दिवशी कन्नडहून एक शिक्षक आले होते. घाटाखालच्या शाळेत बदली झालेली, रोज घाट उतरायचा म्हणून गाडी हवी होती. छोटी पांढरी गाडी त्यांना पसंत पडली. दोन तास घासाघीस होऊन सौदा जमला. त्यांची बायको आणि दोन मुलं मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा. आणि दत्ता गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, जरा बाही वर करा आन् इथं हात घाला." मग मला म्हणाला, "रम्या, हलव." मी हलवलं. "कळलं का?" दत्ताने शिक्षकांना विचारलं. त्यांचा चेहरा उतरला. "हा टाय रॉडचा सांधा ढिला झालाय," दत्ता म्हणाला. "स्टिअरिंगचं सांगणं चाकापर्यंत नेतो तो हा. घाटात निसटला तर स्टिअरिंग तुमच्या हातात राहील आन् चाक त्याच्या मर्जीनं जाईल." बाईंनी मुलांना ओढून बाहेर काढलं.

ते गेल्यावर मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. "माझ्या अंगणात उभा राहून माझंच गिऱ्हाईक पळवतोस?"

"पळवलं नाय. गाडीतून उतरवलं."

"मला बाजूला घेऊन सांगता येत नव्हतं?"

त्याने गोणपाट झटकलं. त्याची घडी घातली. "शेठ, इथून पुढं तुमची गाडी तुम्हीच बघा." रम्याचा शेठ झाला आणि तो गेला.

तेव्हापासून मी सगळ्यांना एवढंच सांगत आलो की दत्ताने मला चारचौघांत उघडं पाडलं. धंद्यात काही गोष्टी रुमालाखाली राहायला हव्यात. दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात नेली. त्यांनी ती रॅम्पवर उचलली, लोंबकळणारी चाकं धरून हिसडे दिले आणि निकाल दिला, "कुच नै सेठ, मक्खन है." झालं! इरेला पेटून मी ती गाडी विकलीच नाही, स्वतः वापरायला काढली. दीड वर्ष माझं सगळं घर तिच्यातून फिरलं. एकदा तर बजाजनगरमध्ये दत्ताच्या घरासमोरून हॉर्न वाजवत गेलो. तो ओट्यावर बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पुढच्या चाकाकडे पाहिलं.

फोन आला त्या दिवशीही कन्नडला मी हीच गाडी नेली होती. खुलताबादवरून दौलताबादकडे उतरताना डाव्या बाजूने खाली काहीतरी टकटकलं. आधीही ऐकलं असेन, पण आधी मी गाणी लावून जायचो. वळण आलं की टक्. खड्डा आला की टक्. मागचे ट्रकवाले हॉर्न मारत होते आणि मी दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून, चालण्याच्या वेगाने मित्राच्या मातीला निघालो होतो.

तेराव्याला पाहुणे पांगल्यावर वहिनी मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. गाडी पाहून थबकल्या.

"हीच का ती?"

"हीच."

"मुकुंदवाडीकडनं कुणीबी आलं की हे इचारायचे, रम्यानं तो सांधा बदलला का म्हणून."

"माझ्यावर राग नव्हता त्याचा?"

"व्हता की! लई व्हता. म्हणायचे, त्याला खालून तीनदा हाक मारली, एकदाबी आला नाय."

मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते वहिनींना ठाऊक होतं. दत्ताने मला तीनदा हाक मारली होती. शिक्षक चहा पीत होते आणि तो गाडीखालून, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणत होता, "रम्या, इकडं ये. हात घाल." सौद्यासाठी मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मी म्हणालो, कपडे खराब होतील, नंतर बघू. पण कारण शर्ट नव्हता. एकदा हात घातला की मला कळणार होतं, आणि कळल्यावर मला ती गाडी त्या मुलांच्या बापाला विकता आली नसती. बाजूला घेऊन सांगायचं ते त्याने सांगून पाहिलं होतं.

"भावजी, काय झालं?" वहिनींनी विचारलं. मी त्यांना सांगितलं, ही गाडी उद्या माझी मुलगी नेणार आहे. सासरी, घाट उतरून, नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन. सकाळीच मी तिला हो म्हणालो होतो.

"मग बघू या की आत्ताच." त्या आत गेल्या आणि दाराआडचं गोणपाट घेऊन आल्या. माझ्या हातातून किल्ली घेतली आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसल्या.

"वहिनी, तुम्ही?"

"मग गल्लीतल्या गाड्यांना कोण बसायचं? ते खाली, मी वर. दगड लावा आधी चाकांला."

दगड लावले. तेराव्यासाठी घातलेल्या पांढऱ्या शर्टानिशी गोणपाटावर आडवा झालो. पन्नाशी ओलांडल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा गाडीखाली हात घालत होतो. उजवीकडचा सांधा घट्ट लागला. डावीकडे हात गेला तर वरचं रबर फाटलेलं, आत ग्रीस नाही, नुसती धूळ.

"हलवा."

वहिनींनी हलवलं. पाच मिनिटं इकडं, पाच मिनिटं तिकडं. तळव्याखाली आधी दांडा सरकला आणि मग, एक ठोका उशिरा, चाकाला कळलं. एखाद्याने आतून बोटाने टिचकी मारावी तसं. दीड वर्ष हे माझ्या बायको-पोरांच्या पायाखाली चाललं होतं.

"कळलं का?" वरून वहिनींनी विचारलं. शब्द दत्ताचेच, आवाज तेवढा त्यांचा.

पडल्या पडल्याच मुलीला फोन लावला. गाडी मिळणार नाही, बसने जा, का ते घरी आल्यावर सांगतो. तिने कटकट केली, मी ओरडलो. फोन ठेवून हात परत सांध्यावर ठेवला. दत्तावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. चौथी हाक त्याने मारायला हवी होती, असं मला त्या क्षणीही वाटत होतं.

"झालं का भावजी? उतरू खाली?"

"नका," मी म्हणालो. "अजून एकदा हलवा."