न उतरणारा लाल

रंगाऱ्याचा तोरा एकच: मला उतरवता येत नाही असा डाग अजून पडायचाय! गिऱ्हाइकांपुढे तो छाती फुगवून सांगे, आणि खोटं नव्हतं ते. म्हणून तर तापानं फणफणलेल्या पाच वर्षांच्या लेकीचे, भिंगरीचे, तळहात, ओठ, जीभ लालभडक दिसल्यावर त्याचं डोकं थेट लाल रंगाच्या पिंपाकडे धावलं. कार्टीनं हात बुडवून चोखले असणार! त्यानं साबणानं घासघास घासलं. ती किंचाळली, पण लाली काही हटेना.

"अहो, डोळेही लाल झालेत तिचे. डोळ्यांत कुठून जाईल रंग?" बायको म्हणाली.

"तू मला रंग शिकवू नकोस," तो गुरकावला.

तापाच्या पाचव्या दिवशी पोरगी पोट धरून विव्हळू लागली, तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्यात सोनोग्राफीत पित्ताशय टम्म फुगलेलं दिसलं. सर्जन म्हणाले, "वाढत गेलं तर ऑपरेशन करावं लागेल." हातांचं विचारलं, तर यानं ठोकून दिलं, "रंग आहे, धंद्यातला." त्याचे स्वतःचेच हात कोपरापर्यंत रंगलेले; शंका कोण घेणार?

संध्याकाळी लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आल्या. भिंगरीचा तळहात उलटसुलट करत म्हणाल्या, "हा रंग कधीचा?"

सर्जनना ठोकून सांगितलेलं आता कसं फिरवायचं? पण लेक कण्हत होती.

"बाई, हा रंग नाही," तो कसाबसा म्हणाला. "रंग असता तर मी उतरवला असता."

बाईंनी जीभ पाहिली, डोळे पाहिले. "कावासाकी नावाचा आजार आहे हा. रक्तवाहिन्या सुजतात, हृदयाच्याही. पित्ताशयही त्यानंच फुगलंय. औषध सुरू करू, बहुतेक ती सूज आपोआप उतरेल. मला काळजी आहे ती हृदयाची. आधी यायला हवं होतं तुम्ही."

सलाईनमधून औषध गेलं. दोन दिवस रंगाऱ्याला घास गिळवेना. आपल्या हट्टापायी पोरीचं पोट फाडतील, हाच घोर.

तिसऱ्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी. भिंगरीनं हलू नये म्हणून त्यानं तिची पावलं धरून ठेवली. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "सूज उतरतेय. ऑपरेशन नको. हृदयाचं मात्र आत्ताच सांगता येत नाही; सहा आठवड्यांनी परत तपासू."

बायकोनं पहिलं ऐकलं आणि ती ढसाढसा रडली. रंगाऱ्याला ऐकू आलं ते फक्त शेवटचं.

"बाबा, झालं ना? पाय सोडा ना आता," भिंगरी म्हणाली.

त्याला सोडवेनात.