सदतीस शतांश पाहुणा

लहान मुलांसाठी मी एक छोटा गेम बनवत होते. जेवायला किती पाहुणे बोलवायचे, ते स्क्रीनवरची एक पट्टी बोटाने सरकवून ठरवायचं. आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहतात, पण फारसं बोलत नाहीत. त्या दुपारी मी त्यांच्या हातात टॅब दिला. त्यांनी पट्टी सरकवली आणि एकदम हसायलाच लागले.

"अगं, चार पूर्णांक सदतीस शतांश पाहुणे आलेत! यातला सदतीस शतांश कोण गं?"

किती दिवसांनी ऐकलं ते हसू! चूक माझीच होती. पट्टी अपूर्णांकांवरूनही सरकते. आकडा पूर्ण करायचा, हे कोडमध्ये वेगळं लिहावं लागतं.

"वरचे शतांश सोडून देते, चारच धरते," मी म्हटलं.

"म्हणजे दारात आलेल्याला परत पाठवणार? पाचवं पान वाढ."

मला गंमत वाटली. आपण भाकरी अर्धी मोडतो, पाऊण वाटी आमटी घेतो, दीड-दीड तास गप्पा मारतो. माणूस मात्र जरासा आला तरी पुरा मोजावा लागतो. मी कोडमधली ओळ बदलली: अपूर्णांक आला की पुढचा पूर्ण आकडा घ्यायचा.

बाबांनी पट्टी एकच्या जेमतेम पुढे नेली. दोन पाहुणे आले. टॅब बाजूला ठेवून बाबा उठले आणि चपला घालू लागले.

"समोरच्या देवधरांना बोलावून आणतो," ते म्हणाले. "चहाचं आधण जरा जास्त ठेव."